लव्हाळ्यातली बहीण

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक चित्र बघा. चित्र मोठं आहे. तुमच्यातल्या सगळ्यात उंच मुलाच्या खांद्यावर दुसरा चढला, तरी वरच्या कडेला हात पोचायचा नाही. बहुतेक सगळं चित्र काळोखात बुडालेलं आहे. डावीकडून, वरून, कुठूनतरी उजेडाचा एकच झोत येतो आणि थेट एका टोपलीवर पडतो. टोपलीत तान्हं बाळ आहे. त्याच्यावर पिवळ्या रेशमातली एक राजकन्या वाकली आहे. तिच्यामागे दोन दासी, आणि खाली जेमतेम चमकणारं नदीचं पाणी.

आता नजर उजेडातून बाहेर काढा आणि उजवीकडे न्या. तिथे लव्हाळी आहेत. लव्हाळ्यात एक मुलगी उभी आहे, नऊ-दहा वर्षांची, अनवाणी. उजेड तिच्या गालाला फक्त शिवून गेला आहे. दिसली? घाई करू नका. या चित्रासमोर माणसं येतात, बाळ बघतात, रेशीम बघतात आणि पुढे जातात. आपण मात्र या मुलीपाशी थांबू.

तिचं नाव कार्मोझीना. नापोली शहराच्या बंदरामागे, जिथे दोरखंड वळणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत, तिथे ती आईबरोबर एका खोलीत राहायची. आईचं नाव लाउदोनिया. बाप कोस्मो पोवळी काढायला जाणाऱ्या नावेवर होता. या नावा वसंतात निघतात, लांबच्या बेटांपाशी समुद्राच्या तळातून पोवळी ओढून काढतात आणि मिखाएल संताच्या सणाच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबर सरता सरता, घरी येतात. मधल्या सहा महिन्यांत त्यांची खबरबात नसते.

ऑगस्ट महिन्यात तित्ता मेस्त्री गल्लीतून हिंडत होते. तित्ता मेस्त्री चित्रकार. त्यांना एक मुलगी हवी होती. पायरीवर बसून शेंगा सोलणाऱ्या कार्मोझीनाला त्यांनी दोन वेळा पुढून आणि एकदा मागून पाहिलं.

"नाव काय गं?"

"कशाला?"

"मला मोशेची बहीण पाहिजे."

"मी कुणाची बहीण नाही," कार्मोझीना म्हणाली आणि शेंगांची टोपली उचलून आत गेली.

तिच्या तोंडावर त्या क्षणी जे आलं होतं, ते बघून मेस्त्री तिथेच उभे राहिले. मग लाउदोनियाशी बोलले. रोज सकाळी दोन तास उभं राहायचं, त्याबद्दल एक पाव, वाटीभर शिजवलेला घेवडा आणि आठवड्याला थोडे पैसे. लाउदोनिया दिवसभर जाळी विणायची आणि तेवढ्यात दोघींचं भागत नव्हतं. ती हो म्हणाली.

मेस्त्रींच्या चित्रशाळेत एकच खिडकी होती, उंचावर. बाकीच्या भिंती त्यांनी काळपट रंगवल्या होत्या, म्हणजे उजेड इकडेतिकडे पळत नसे. कार्मोझीना पहिल्या दिवशी उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढली.

"रोज याच पावलांत उभं राहायचं. बोटभरही इकडेतिकडे नाही. आणि माझ्याकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघितलंस तर चित्रातली मुलगी चित्र बघणाऱ्याकडे बघेल, आणि मग ती कुणाचीच बहीण उरणार नाही. तू टोपलीकडे बघ."

"टोपलीत तर काही नाहीये."

"येईल. आधी गोष्ट ऐक." मेस्त्रींनी रंग घोटता घोटता सांगितलं, "मिसर देशाच्या राजाने हुकूम सोडला, की तिथे राहणाऱ्या इब्री लोकांचे जन्मलेले सगळे मुलगे नदीत फेका. एका आईने आपलं बाळ, तोच हा मोशे, तीन महिने लपवलं. पुढे लपेना. मग तिने लव्हाळ्याची टोपली विणली, पाणी शिरू नये म्हणून डांबर फासलं, बाळ आत निजवलं आणि टोपली नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवून दिली. आई घरी गेली. बहीण मात्र लांब उभी राहिली. त्याचं काय होतंय ते बघायला."

"मग?"

"मग राजाची मुलगी नदीवर आली. तिला बाळ सापडलं. बहीण पुढे झाली आणि म्हणाली, याला पाजायला बाई आणू का? आणि कुणाला आणलं, सांग."

कार्मोझीना टोपलीकडे बघत राहिली.

"त्याच्याच आईला! आईने आपलंच बाळ वाढवलं, तेही राजाच्या खर्चाने."

"मग ते काढा ना. बाळ आईकडे येतं ते."

"मला एवढंच सांगितलंय, की बाळ सापडतं ते काढायचं. ज्यांनी चित्र मागवलंय त्यांच्या घरात रोज बाळं सापडतात."

ज्यांनी चित्र मागवलं होतं, ते घर कार्मोझीनाला ठाऊक होतं. नापोलीत ते कुणाला ठाऊक नव्हतं? त्याच्या भिंतीत एक लाकडी पिंप बसवलं होतं, एका बाजूने उघडं. सगळे त्याला चाक म्हणत. ज्यांना आपलं बाळ पोसवत नाही, ते बाळाला पिंपात ठेवतात, घंटी वाजवतात आणि पिंप फिरवतात. उघडी बाजू भिंतीपलीकडे जाते. तिथली बाई बाळ उचलते. इकडचं कोण होतं, हे तिकडे कुणी विचारत नाही.

कार्मोझीनाने ते चाक आपल्या हातांनी फिरवलं होतं.

बाप नावेवर गेल्यावर महिन्याभराने, एप्रिलात, लाउदोनिया बाळंत झाली. मुलगा झाला. त्याचं नाव बियाजो. पाचव्या दिवशी आईला ताप भरला आणि आठव्या दिवशी दूध आटलं. बकरीचं दूध पोर ओकून टाकी. अकराव्या दिवशी त्याचं रडणंही बारीक झालं. तेव्हा लाउदोनियाने जपून ठेवलेलं एक छापील चित्र बाहेर काढलं. चित्र निकोला संताचं होतं. तिने ते मधून वाकडंतिकडं फाडलं. तिथे असंच करतात. अर्धं बाळाबरोबर द्यायचं, अर्धं जपून ठेवायचं. पुढे दिवस पालटले, की आपला तुकडा घेऊन जायचं. दोन्ही कडा जुळल्या की बाळ आपलं.

"तिथे दाया आहेत, दूध आहे," आई दात वाजवत म्हणाली. तापाने ती थडथड उडत होती. "तुझा बाप आला की आणू त्याला. कागद नीट खोच. आणि कार्मो, शाल परत आण बरं का. एकच आहे."

कार्मोझीनाने दोन्ही केलं. कागद नीट खोचला. शाल परत आणली.

घरी येऊन तिने शाल आईच्या अंगावर टाकली, आणि घडीतून संताचे पाय खाली पडले.

कागद बाळाला गुंडाळलेल्या पट्टीत खोचायचा होता. तिने तो शालीत खोचला होता. आई डोळे मिटून पडली होती. तिने तुकडा उचलला आणि ती पळत सुटली. जॉर्ज संताचा दिवस, भर दुपार, मिरवणुकीची गर्दी. ती चाकापाशी पोचली, घंटी वाजवली. आतून एक थकलेला आवाज आला, "आणखी एक?"

तिने तुकडा मुठीत आवळला. ती पळून आली.

तेव्हापासून तो तुकडा चुलीजवळच्या सैल फरशीखाली होता, आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. आई रोज संध्याकाळी आपला तुकडा काढायची, पदराने पुसायची आणि हसून म्हणायची, "बघ, संताला पाय नाहीत. पाय तुझ्या भावाकडे आहेत. चोवीस दिवस राहिले, कार्मो. मग तुझा बाप येईल आणि आपण तिघं जाऊ आणायला." दुसऱ्या दिवशी तेवीस म्हणायची. त्याच्या पुढच्या दिवशी बावीस.

चित्रशाळेत टोपलीतलं बाळ आलं, ते झेझामावशीच्या काखेतून. झेझामावशी त्या चाकाच्या घरातली दाई. तिचं स्वतःचं मूल फेब्रुवारीत गेलं होतं. दूध होतं, म्हणून तिला एक बाळ पाजायला दिलं होतं. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"मेस्त्री, ही राजकन्या म्हणजे कोपऱ्यावरची मासेवाली की हो! हिने मला परवा शिळ्या तारल्या दिल्या. आणि आता रेशमात बसलीय टवळी!"

"झेझाबाई, बाळ टोपलीत ठेवा आणि तोंडाला कुलूप लावा."

"कुलूप लावते, पण आधी सांगा, मोशेला डोकं का नाही? पाय आहेत, पोट आहे, आणि वर सगळा अंधार!"

"पाय जुलैतल्या पोराचे. ते पोर फार वळवळायचं, पाय तेवढे झाले. चेहरा याचा काढणार."

"कुणाचे पाय, कुणाचं तोंड! बिचारा मोशे." झेझामावशीने बाळाच्या पट्ट्या सोडल्या आणि त्याला टोपलीतल्या कापडावर निजवलं. "हा माझा मोदेस्तीनो. घरवाल्यांनी ठेवलेलं नाव. राजासारखा पडून राहील बघा."

बाळ पाचेक महिन्यांचं होतं. कार्मोझीना खडूच्या पावलांत उभी राहून बघू लागली. मेस्त्रींना तिला काही सांगावं लागलं नाही. त्या दिवशी त्यांनी जेवायची वेळ टळेपर्यंत तिला काढलं.

तिसऱ्या दिवशी मेस्त्री तेल आणायला गेले, तेव्हा कार्मोझीनाने विचारलं, "मावशी, हा कधी आला?"

"जॉर्ज संताच्या दिवशी. मिरवणूक होती ना, दारावर एकटीच बाई. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तीन मुलगे आले, एकामागून एक. तिघांनाही जुन्या चादरीच्या पट्ट्या, एकाबरोबरही खूण नाही. तिने रात्री तिघांना एकदम वहीत लिहिलं. आता कोण आधी, कोण नंतर, देवाला ठाऊक. का गं?"

"एक शेजारीण आहे. तिचं बाळ त्याच दिवशी."

"मग तिला सांग, मेणबत्ती लाव. तिघांतला एक नवव्या दिवशी गेला. एकाला पेर्ना नावाची दाई वर डोंगरात घेऊन गेली, कास्तान्येतोला. तोच, ज्याचे पाय मेस्त्रींनी काढले. आणि हा राहिला माझ्याकडे." झेझामावशीने बाळाच्या पोटाचा मुका घेतला. "हा माझ्याकडे राहिला."

कार्मोझीना बाळाजवळ बसली. तिने त्याचे कान पाहिले, नखं पाहिली, मानेमागची लव पाहिली. हे तिला मेस्त्रींनी शिकवलं होतं, एकेक गोष्ट वेगळी बघायला. पण बियाजोला तिने असं कधी पाहिलंच नव्हतं. अकरा दिवस तिने त्याला कडेवर घेतलं होतं, थोपटलं होतं, त्याची दुपटी धुतली होती. त्याचे कान कसे होते? तिला आठवेना. रडणारं तोंड आठवत होतं. रडणारी तोंडं सगळी सारखीच असतात.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "सोळा."

दुसऱ्या दिवशी कार्मोझीना फरशीखालचा तुकडा घेऊन चित्रशाळेत गेली. मोदेस्तीनो दूध पिऊन झोपला होता, पट्ट्यांत घट्ट गुंडाळलेला. झेझामावशी दाराशी कुणाशी तरी भांडत होती. कार्मोझीनाने संताचे पाय पट्टीत सरकवले. या वेळी शालीत नव्हे, पट्टीतच, छातीजवळ, आत. मग ती खडूच्या पावलांत जाऊन उभी राहिली. पंधरा दिवसांनी आई येईल, कडा जुळतील, आणि सगळं ठीक होईल.

मेस्त्रींनी कुंचला उचलला. पाहिलं. कुंचला खाली ठेवला. पुन्हा पाहिलं.

"आज काय झालंय तुला?"

"काही नाही."

"काल इथे बहीण उभी होती. आज चोर उभा आहे. काल तू बाळाकडे बघत होतीस, आज झेझा आत येतेय का ते बघतेस. काय घेतलंस?"

"घेतलं नाही!" कार्मोझीना ओरडली. "ठेवलंय!"

आणि मग ती रडायला लागली. रडता रडता तिने सगळं सांगितलं, शाल, कागद, घंटी, आतला आवाज. झेझामावशी दारातून आत आली ती ऐकतच. तिने बाळाच्या पट्टीत दोन बोटं घातली, तुकडा काढला आणि उजेडात धरला.

"ही शेजारीण म्हणजे तुझी आई," ती म्हणाली.

कार्मोझीनाने मान हलवली.

"हे बघ पोरी. तू हे इथे ठेवलंस, मी डोळ्यांवर कातडं ओढलं, तर तुझी आई याला घेऊन जाईल. मला दुसरं बाळ पाजायला देतील. मी रडेन आणि गप्प होईन, मला सवय आहे." तिने बाळाची पट्टी पुन्हा नीट केली. "पण हा नसला, आणि तो डोंगरातला असला, तर? त्याला मग कोण विचारायला जाईल? आयुष्यभर कोणी जाणार नाही. कारण तुमचा तर घरी आलेला असेल."

तिने तुकडा कार्मोझीनाच्या हातात दिला आणि तिची मूठ मिटली.

"घरी जा आणि सांग."

"आई मरेल."

"नाही मरत. आया इतक्या सहज मरत नाहीत."

लाउदोनिया दाराशी बसून जाळं विणत होती. उन्हं अजून भिंतीवर होती. कार्मोझीना तिच्यासमोर उभी राहिली आणि वाटेत घोकलेलं सगळं विसरली.

"आई, संताचे पाय तिकडे नाहीत."

आईच्या हातांनी एक गाठ मारली. दुसरी मारली.

"घरीच होते. फरशीखाली. मी शालीत खोचले होते, आणि शाल परत आणली."

तिसरी गाठ अर्धी राहिली. कार्मोझीना मार खायला तयार होती. तिला मार हवा होता. आईने हात उचललाही, पण तो स्वतःच्या तोंडावर ठेवला.

"शाल आण म्हणून मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "सांगितलं होतं ना?"

"हो."

"मला थंडी वाजत होती."

एवढंच. त्या संध्याकाळी तिने दिवस मोजले नाहीत.

सकाळी ती केस विंचरून, तोंड धुऊन, लग्नातला पिवळा रुमाल डोक्याला बांधून लेकीबरोबर चित्रशाळेत आली. झेझामावशी आधीच येऊन बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. ती उठली आणि तिने बाळ सरळ लाउदोनियाच्या हातात दिलं.

लाउदोनियाने त्याला खिडकीखाली नेलं. पट्ट्या सोडल्या. हात पाहिले, पाठ पाहिली, टाळूला नाक लावून वास घेतला. बाळाने तिच्या कानातला पोवळ्याचा मणी धरला आणि तोंडभर हसलं.

"सगळ्यांना हसतो मेला," झेझामावशी हळूच म्हणाली.

मेस्त्री कोपऱ्यात उभे होते. कार्मोझीना आईच्या तोंडाकडे बघत होती. आता म्हणेल. आता म्हणेल, हाच. निदान म्हणेल, हा नाही.

"माहीत नाही," लाउदोनिया म्हणाली.

तिने पुन्हा पाहिलं. "मला माहीत नाही. मी तापात होते. मला त्याचं तोंडच आठवत नाही. मी त्याची आई आहे आणि मला माहीत नाही."

"घेऊन जा, बाई," झेझामावशी रडत म्हणाली. "हाच म्हणून घेऊन जा. मी कुणाला काही सांगणार नाही."

काल नाही म्हणणारीच आज असं म्हणत होती. लाउदोनियाने बाळाला आणखी थोडा वेळ धरलं. मग त्याला दाईच्या हातात परत दिलं. बाळाच्या मुठीतून मणी सोडवायला तिला वेळ लागला.

"दुसरा माझा असला तर? मग तो कुणाचा?"

मग मेस्त्रींनी चित्रावरचं कापड बाजूला केलं. ते बाहेरच्या कुणाला अपुरं चित्र दाखवत नसत, आणि रंगाजवळ कुणी हात नेला की त्या हातावर फटका मारत. त्यांनी लाउदोनियाला जवळ बोलावलं.

"हे पाय बघा. डोंगरात गेलेल्या पोराचे आहेत. जसे होते तसेच काढलेत, एक रेघही मनाची नाही."

काळोखातून दोन छोटी गुलाबी पावलं वर आली होती. डावा अंगठा ताठ, आभाळाकडे उचललेला. लाउदोनियाने त्याच्यावर बोट ठेवलं. मेस्त्रींनी फटका मारला नाही.

"याच्या बापाचा अंगठा असाच आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात एकदम जीव आला होता. मग तिने वळून विचारलं, "का सगळ्याच बाळांचा असतो असा?"

मेस्त्रींना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पावलांकडे पाहिलं.

"बऱ्याच बाळांचा असतो, बाई."

"आणि तिसरा? तो कुठे आहे यात?"

"तिसरा माझ्यापर्यंत आलाच नाही."

"म्हणजे तो कसा होता ते कुणालाच..."

"दारावरच्या बाईने पाहिला असेल," झेझामावशी म्हणाली. "तिला रोज इतके बघावे लागतात. घरामागच्या आवारात पुरलाय. तिथे सगळे एकत्रच असतात. दगड नसतो."

लाउदोनियाने रुमालाची गाठ घट्ट केली. "मी तिकडे जाऊन येते. तिघांतला एक माझा आहे. त्याच्याजवळ कुणी आलं नाही, असं नको व्हायला."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. तिला बहुतेक कुठे वळायचं तेच कळेना. कार्मोझीना तिच्यापाशी गेली.

"आई, कास्तान्येतोला किती वेळ लागतो?"

"उजाडताना निघालं तर दुपार होते. का?"

"मी जाऊ?"

"जाऊन काय करशील? तुला ओळखू येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"बघून येते," कार्मोझीना म्हणाली. "कान कसे आहेत, हसतो का, पेर्ना त्याला नीट पाजते का. सगळं बघून येते आणि तुला सांगते. बाबा आले की त्यांनाही सांगते."

लाउदोनियाने तिच्याकडे पाहिलं. मग फक्त मान हलवली.

मेस्त्री मागून म्हणाले, "ए, तुझा चेहरा अजून अर्धाच झालाय. परवा मला चित्र..." तेवढ्यात तिने वळून पाहिलं, आणि ते बोलायचे थांबले. "राहू दे. जा तू. मला तो चेहरा दिसला."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तेव्हा डोंगरातून कोळसा घेऊन आलेली खेचरं रिकाम्या पाठीने परत निघाली होती. आईने फडक्यात पाव आणि चार अंजिरं बांधून दिली. शहराची वेस मागे पडल्यावर खेचरवाल्याने विचारलं, "कुणाकडे जायचं गं पोरी?"

"भाऊ आहे माझा," कार्मोझीना म्हणाली. मग म्हणाली, "असेल कदाचित."

खेचरवाल्याने तिला पाठीवर बसायला सांगितलं. ती नको म्हणाली, आणि चढ चढू लागली.